पिकलेलं हाड

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरलं की उजव्या हाताला लोखंडी चौथऱ्यावर एक बैल उभा आहे. म्हणजे त्याची हाडं उभी आहेत. पुढ्यात पाटी आहे. पाटीवर इंग्रजीत त्याचं शास्त्रीय नाव, खाली मराठीत ‘बैल (नर), पूर्ण सांगाडा’. बैलापुढे नर असं लिहायची काय गरज होती, ते मला आजवर कळलेलं नाही. बारामतीत कोणी पाहुणे आले, पालक आले, तपासणी समिती आली, की आमचे विभागप्रमुख सर त्यांना आधी तिथे नेतात. लोक मोबाईल काढतात आणि हटकून विचारतात, “खरा आहे?”

“शंभर टक्के,” सर म्हणतात.

शंभर टक्के नाही. किती नाही आणि कुठे नाही, ते मला ठाऊक आहे. कारण तो सांगाडा मी जोडला. आणि तो बैल माझ्या वडिलांचा होता.

माझं माहेर अंथुर्ण्याचं, सासर कन्हेरीचं. सतरा वर्षं झाली, मी इथे शिकवते. पहिल्या वर्षाच्या पोरांना हाड आणि कूर्चा यांतला फरक सांगायचा असला की माझी एक ठरलेली युक्ती आहे. मी म्हणते, सगळ्यांनी आपापला कान दुमडा. मोडला का? नाही ना? ती कूर्चा. आता नाकाचा शेंडा हलवा. हलला? तीही कूर्चा. आता कपाळावर टिचकी मारा. ते हाड. वर्ग हसतो, पोरं एकमेकांचे कान ओढतात, आणि तास सोपा जातो. मग मी पुढचं सांगते. शार्कच्या अख्ख्या अंगात एकसुद्धा हाड नसतं, सगळी कूर्चाच. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या हाडांची टोकं मऊ असतात आणि ते वाढतं तशी ती टणक होत जातात. बरगड्या पुढे छातीच्या हाडाला कूर्चेनं जोडलेल्या असतात, म्हणून तर श्वास घेता येतो. आणि शेवटी एक ओळ: उतारवयात काही ठिकाणची कूर्चा हाडासारखी कठीण बनते. ही ओळ माझ्या नोट्समध्ये तिसऱ्या पानावर आहे. दोन मार्कांना येते. शेकडो पोरांनी ती मला पेपरात लिहून दिली आहे आणि मी तिच्यापुढे शेकडो वेळा बरोबरची खूण केली आहे.

तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कूर्चा हा शब्द माहीत नव्हता. ते ‘कवळं हाड’ म्हणायचे. गावात सगळेच म्हणतात. मटणाच्या रश्श्यात ताटात आलं तर पोरांना द्यायचं ते कवळं हाड. पण तात्यांचं कवळ्या हाडाचं ज्ञान ताटापुरतं नव्हतं. गावात घरोघरी ट्रॅक्टर आले, ऊस यंत्रानं तोडायला लागले, तरी त्यांनी एक जोडी ठेवली होती. गरज म्हणून नाही, खोड म्हणून. बाजारात बैल घ्यायचा तर दात सगळेच बघतात. तात्या दात बघून झाले की बैलाच्या खांद्यावर हात ठेवायचे, वशिंडाच्या खाली, जिथे फऱ्याच्या रुंद हाडाची वरची कड कातड्याखाली लागते. तिथे बोटं रुतवून बराच वेळ उभे राहायचे. विकणारा वैतागायचा.

नोकरीला लागून मला चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, माहेरी गेले होते. आदल्या दिवशी संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे त्या दिवशी तूप आणि हळद लावून चोळतात. तात्या डाव्या बाजूच्या बैलाचा खांदा मळत होते. हा बैल त्यांच्याकडे खोंड म्हणून आला आणि म्हातारा झाला, आणि जन्मभर डावीकडेच चालला. उजवीकडे जुंपला तर पाऊलच टाकायचा नाही. तात्यांनी मला हाक मारली आणि माझा हात धरून त्याच्या खांद्यावर ठेवला. तुपानं बोटं घसरत होती.

“हितं दाब. लागतंय का काय?”

लागत होतं. कातड्याखाली खडबडीत, गाठीगाठीची, टणक कड होती.

“ह्ये कवळं हाड असतंय बग खोंडाला. दाबलं की वाकतं. आन् ह्याचं पिकलंय.”

“पिकलंय?”

“मग! काम करून करून कवळं हाड पिकतं. बशा बैलाचं न्हाय पिकत. जातिवंत कामाचा बैल वळकायचा तर हितं वळकायचा. दातं काय, दातं सगळ्यांचीच झिजत्यात.”

मी तेव्हा पदव्युत्तर पदवीधर, वर नोकरी लागलेली. माझ्या अंगात शहाणपण मावत नव्हतं. मी म्हणाले, “तात्या, हाड काय आंबा आहे का पिकायला? असं काही नसतं. जू घासून सूज आली असेल. डॉक्टरला दाखवा.”

तात्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “आसंल बाय. तू शिकल्याली हाईस.” आणि पुन्हा खांदा चोळायला लागले.

काही वर्षांनी तो बैल गेला. मी त्या दिवशी गेले होते. आमच्याकडे घरचा बैल मेला तर तो कोणाला देत नाहीत, स्वतःच्या रानात पुरतात. खड्ड्यात दोन पोती मीठ घालतात. आमचा आणि चुलत्यांचा बांध एकच आहे आणि त्या बांधावर लिंबाचं झाड आहे. लिंबाच्या वरच्या अंगाला चुलत्यांनी दोन वर्षं आधी त्यांचा बैल पुरला होता. तात्यांनी आपला खालच्या अंगाला पुरला. खड्डा त्यांनी स्वतः खणला, माझ्या भावाला टिकावाला हात लावू दिला नाही. बैल खाली सोडल्यावर त्याची मान दुमडली गेली होती, तर तात्या आत उतरले आणि त्यांनी ती सरळ केली. वेसण तेवढी काढायची राहून गेली, केशरी रंगाची नायलॉनची. मग मीठ, मग हळद, मग माती.

त्यानंतर चारेक वर्षांनी कॉलेजवर समिती येणार म्हणून धावपळ सुरू झाली. ज्यांनी हे बघितलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. वर्षानुवर्षं उघडत नसलेल्या खिडक्यांना रंग लागतो. झाडांना चुना लागतो. आमच्या प्रयोगशाळेत बरण्यांमध्ये बेडूक, कबुतर, ससा, एक पिवळा पडलेला छोटा शार्क एवढंच होतं. सर म्हणाले, “मोठ्या सस्तन प्राण्याचा एखादा उभा सांगाडा पाहिजे. दारातच दिसला पाहिजे.”

आणि मी म्हणाले, “मी देते.”

कोणी मला विचारलेलं नव्हतं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. बढतीचा काही प्रश्न नव्हता, कोणाचा दबाव नव्हता. सगळ्यांसमोर ‘मी देते’ म्हणण्यात जी मिजास असते, तेवढ्यासाठी मी तात्यांचा बैल देऊन टाकला, तात्यांना विचारायच्या आधी.

विचारलं त्या दिवशी तात्या उठून गोठ्यात गेले. चुलत्यांच्या कानावर गेलं तर ते ताडकन म्हणाले, “मेल्याल्या बैलाला बी सुख देऊ नगा तुमी.” दोन दिवसांनी तात्यांचा फोन आला.

“पोरं शिकतील व्हय गं त्याच्यावर?”

“हो तात्या, दरवर्षी नवीन पोरं.”

“मग न्ये. पर उभा कर. बसल्याला नगं. आन् झाला म्हंजी मला बघाय बोलव.” मग म्हणाले, “उकरताना म्या येनार न्हाय. तुज्या भावाला बी सांगू नगंस, त्यो पाठवाय निगंल कुनाला तरी. तूच ये आन् तूच काड.”

म्हणून भाऊ एमआयडीसीत कामावर असताना मी गेले, आमच्या प्रयोगशाळेचे मामा आणि कन्हेरीचे दोन गडी घेऊन. मामा म्हणजे परिचर. कॉलेजात सगळे त्यांना मामाच म्हणतात. खिशात कॉलेजचं पत्र ठेवलं होतं, रस्त्यात कोणी टेंपो अडवून हाडं कसली म्हणून विचारलं तर असावं. काळ्या रानात चार वर्षांत बैलाची हाडंच उरली होती. नाक गेलं होतं, कान गेले होते, दोन मणक्यांच्या मधल्या चकत्या गेल्या होत्या. जे जे मऊ, ते ते मातीनं नेलं होतं. शिंगं तर टिकाव लागताच ठिकऱ्या होऊन पडली. लोकांना वाटतं शिंग म्हणजे हाड. शिंग म्हणजे नखासारखं टरफल, आत हाडाची, शिंगाहून आखूड खुंटी. तात्यांच्या त्या देखण्या बैलाच्या डोक्यावर आता दोन खुंट्या होत्या. मातीत केशरी वेसण सापडली. ती मी पर्समध्ये टाकली. तात्यांना दिसू नये म्हणून खड्डा पुन्हा बुजवला आणि वर लिंबाचा पाला पसरला.

पुढचे दोन महिने मी ती हाडं धुतली. ब्रश, कोमट पाणी, धुण्याची पावडर, मग पांढरी करायचं औषध, मग सावलीत वाळवण. घरी आलं की सासूबाई म्हणायच्या, आधी अंघोळ कर. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. वर्षानुवर्षं फळ्यावर काढलेल्या आकृत्या हातात येत होत्या. मणके लोखंडी सळईत ओवले. मधल्या चकत्यांच्या जागी लोकरीच्या जाड नमद्याचे गोल कापून घातले. बरगड्यांची टोकं अधांतरी लोंबत होती, कारण त्यांना छातीशी जोडणारी कूर्चा कुजलेली. तिथे तार आणि नळाला लावतात ती पुट्टी वापरली, पांढरा रंग दिला. कोणाला ओळखू येणार नाही इतकं छान जमलं.

मग पुढच्या पायांची पाळी आली. फऱ्याचं हाड माणसाच्या तळहातापेक्षा कितीतरी मोठं, त्रिकोणी, पातळ. उजव्याची वरची कड जवळजवळ सरळ होती. डाव्याच्या कडेवर मात्र बोटभर रुंदीचा एक ओबडधोबड पट्टा होता, भोकाभोकांचा, उंचसखल, वाळलेल्या चिखलाच्या रंगाचा. औषधात घालूनही तो पांढरा होईना. मला वाटलं, मिठाचा थर असेल. नखानं निघेना. मग वाटलं, काहीतरी रोग. पुस्तक उघडलं. पुस्तकातल्या आकृतीत ती कड पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती.

सर बघायला आले. म्हणाले, “मॅडम, हे रोगट दिसतंय. दोन्ही बाजू सारख्या नकोत का? समिती विचारेल.”

मी कपाटातून कानस काढली.

मामा शेजारी उभे होते. त्यांनी कधी माझ्या कामात तोंड घातलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाले, “मॅडम, ऱ्हाऊ द्या की. त्याचंच हाय त्ये.”

“मामा, पुस्तकात बघा,” मी म्हणाले.

अर्धा तास लागला. दातांच्या डॉक्टरकडे येतो तसा वास सुटला. पांढरी भुकटी टेबलावर पडत होती आणि मी मधूनमधून फुंकर मारून आकृतीशी ताडून बघत होते. कड सरळ झाली. दोन्ही बाजू सारख्या झाल्या. मामांनी भुकटी झाडून सुपलीत भरली आणि नेऊन टाकली. खोटी कूर्चा पुट्टीनं बनवणारी मी, त्या जनावराच्या अंगावर जी एक खरी उरली होती, ती कानशीनं घासून टाकली. आणि तेव्हा मला काहीही वाटलं नाही. तिसऱ्या पानावरची ओळ आठवली नाही. तुपानं बरबटलेली बोटं आठवली नाहीत. हे कोणी माझ्याविषयी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते.

समिती आली. फोटो काढले. एका बाईंनी माझं कौतुक केलं. मला त्या दिवशी घरी जाऊन झोपही चांगली लागली.

दुसऱ्या दिवशी तात्या आले. एसटीनं एकटे आले. स्वच्छ धोतर, परीटघडीची टोपी. प्रयोगशाळेच्या दाराशी त्यांनी वहाणा काढल्या. मी म्हणाले, अहो, राहू द्या, तर म्हणाले, “आसूं दे.” सर तिथेच होते. सरांना शेतकरी माणूस आला की फार प्रेम येतं. “या या तात्या! बघा, तुमचा बैल कसा राजासारखा उभा केलाय मॅडमनी.”

तात्या लांबच उभे राहिले. मग एक प्रदक्षिणा घातल्यासारखे सावकाश त्याच्याभोवती फिरले. “शिंगं?” मी शिंगांचं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. “शेपूट आखूड दिसती.” शेवटचे बारके मणके मातीत हरवले, मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मग ते डाव्या अंगाला आले, हात वर केला आणि फऱ्याच्या वरच्या कडेवर ठेवला.

त्यांची बोटं पुढे गेली. मागे आली. पुन्हा पुढे गेली.

“हितली गाठ?”

मला त्या क्षणी सगळं कळलं. एकदम, पायाखालची फरशी सरकावी तसं. रोग नव्हता, मीठ नव्हतं, चिखल नव्हता. खोंडाचं कवळं हाड जन्मभर जुवाखाली राबून हाड झालं होतं. वयानं झालं की ओझ्यानं झालं, ते मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण झालं होतं. तात्या म्हणत होते ते खरं होतं, नोट्समध्ये मी जे लिहीत होते ते हेच होतं, आणि दोन्ही माहीत असलेली जगात मी एकटीच होते. आणि मीच कानस घेतली.

“गाठ कुठं गेली गं?” तात्यांनी पुन्हा विचारलं.

सर माझ्याकडे बघून हसत होते. दारात दोन-तीन विद्यार्थिनी उभ्या होत्या. मामा खिडकीशी होते आणि त्यांनी तोंड बाहेर वळवलं.

“तात्या, ती कूर्चा असते,” मी म्हणाले. माझा वर्गातला आवाज लागला होता. “मऊ असते. मातीत कुजून जाते.”

“मऊ?” तात्या म्हणाले. “दगडावानी हुती. तुजा हात लावला हुता म्या.”

“वरून तसं वाटतं, तात्या.”

त्यांनी हात खाली घेतला. धोतराला पुसला, अगदी सहज, शेतात माती पुसतात तसा. मग सरांकडे वळून अदबीनं म्हणाले, “चांगलं केलंय. पर ह्यो माजा न्हाय.”

सर मोठ्यांदा हसले. त्यांना वाटलं, म्हातारा भावनाविवश झाला. नंतर समजावणीच्या सुरात म्हणाले, “तुमचाच आहे हो तात्या, मॅडमनी स्वतः आणलाय.”

“मला माजा बैल कळतो,” तात्या म्हणाले. आणि वहाणा घातल्या.

मी त्यांना सोडायला एसटी स्टँडवर गेले. एक वाक्य बोलायचं होतं मला: तात्या, ती गाठ होती, मी घासली. मराठीत एवढं सोपं वाक्य नाही. रिक्षात ते माझ्या तोंडात होतं, स्टँडच्या फाटकात होतं, बाकावर बसल्यावर होतं. तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आणि मग मी बघितलं, त्यांचा चेहरा हळूहळू उजळत होता.

“आगं, दोन खड्डं हायती तितं,” ते म्हणाले. “लिंबाच्या वरच्या अंगाला तुज्या चुलत्याचा हाय. त्यो बशा. जन्मात धड वढलं न्हाय त्येनं. त्यो काडलास तू! वर का खाली, घोटाळा झाला तुजा.”

घोटाळा झाला नव्हता. पुरताना मी तिथे उभी होते. माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात तेव्हाही ती केशरी वेसण होती.

“बरं झालं बग,” तात्या म्हणत होते. “मनाला लागलं हुतं माज्या. द्यायाला नगं हुता, आसं वाटत हुतं रोज. आपल्यासाठी मेल्यालं जनावर, त्याला परत उब्या उब्या ठिवायचं म्हंजी… तुज्यापुढं बोललो न्हाय. आता बरं वाटलं. माजा हाय तितंच.” त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “तू वाईट वाटून घिऊ नगंस. चुकतं मानूस. चुलत्याला सांगू नगं म्हंजी झालं.”

मला लहानपणी ताप आल्यावर ते ज्या आवाजात बोलायचे, त्या आवाजात ते मला माफ करत होते, मी न केलेल्या चुकीबद्दल. केलेल्या चुकीची माफी मागायची तर ही माफी त्यांच्या हातातून हिसकावून घ्यावी लागली असती, आणि तिच्याबरोबर त्यांचा बैलसुद्धा.

“तितंच हाय न्हवं त्यो माजा?” त्यांनी विचारलं. “लिंबाखाली?”

“व्हय, तात्या,” मी म्हणाले. नोकरी लागल्यापासून मी ‘हो’ म्हणत होते. त्या दिवशी ‘व्हय’ म्हणाले, त्यांना खरं वाटावं म्हणून.

त्यानंतर तात्या दोन वर्षं होते. मी माहेरी गेले की ते मला बांधावर न्यायचे. बसायला जागा केली होती त्यांनी तिथे, लिंबाच्या खालच्या अंगाला. एकदा तिथेच बसून म्हणाले, “मी गेल्याव माजी राख नदीला नगं. हितं घाला, ह्याच्या संगं. तुज्या भावाच्या ध्यानात ऱ्हायचं न्हाय. तू ध्यानात ठिव.”

मी कॉलेजात आले आणि सरांना विचारलं, बैल परत देता येईल का. सर म्हणाले, “मॅडम, तो डेडस्टॉक रजिस्टरला चढलाय. काढायचा तर कारण देऊन अर्ज करावा लागेल.” मी तीन दिवस अर्ज लिहायला बसले. विषय लिहिला, महोदय लिहिलं. कारणापाशी आलं की पेन थांबायचं. कारण एकच होतं आणि ते लिहिलं असतं तर पाटीवरच्या ‘पूर्ण’ या शब्दावर काट मारावी लागली असती, आणि पाटीच्या तळाशी, जोडणारी म्हणून, माझं नाव होतं. अर्ज मी फाडला. कोणी मला अडवलं नाही, कोणी धमकी दिली नाही. मीच फाडला.

आजही तो बैल दारात उभा आहे. पोरं त्याच्यापुढे उभी राहून मला विचारतात, मॅडम, म्हातारपणी कूर्चा कठीण होते ती दाखवा ना कुठेतरी. मी म्हणते, नमुना उपलब्ध नाही.

गेल्या वर्षी तात्या गेले. तिसऱ्या दिवशी सावडून झाल्यावर राखेचं गाडगं घेऊन आम्ही बांधावर गेलो. भाऊ, चुलते, भावकीतली चार माणसं. तात्यांनी त्यांची इच्छा आधीच गावभर सांगून ठेवली होती, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. बैल शेवटी दिलाच नाही, असं तात्यांनी घरात आणि चुलत्यांना सांगून ठेवलं होतं. चुलत्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, “बैल आन् मालक एका जागी. आसं नशीब कुनाला मिळतं?” सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथे खाली काही नाही, हे त्या घोळक्यात मला एकटीला माहीत होतं.

भावानं टिकाव मारला. टिकाव एकदम आत गेला. पुन्हा मारला, पुन्हा गेला. त्यानं वाकून माती मुठीत घेतली.

“भुसभुशीत हाय गं माती. दोन-तीन वर्षांपूर्वी कुनी तरी उकरल्यावानी,” तो म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं. “ताई, हितंच न्हवं?”

“हितंच,” मी म्हणाले.

त्यानं राख ओतली.